कडेचं पाखरू

फ्रेमवालीने चौकट जुन्या चादरीत गुंडाळली, काखेत मारली आणि दुकानाला कुलूप घालून धाकट्या बहिणीच्या घरी निघाली. काम साधंच होतं. बाळाच्या पाळण्यावर एक फोटो टांगायचा, चहा प्यायचा, बाळाला थोडा वेळ मांडीवर घ्यायचं आणि परत येऊन दंतवैद्याच्या चौकटींना खिळे ठोकायचे. भीतीबिती तिच्या गावीही नव्हती. पुढे जे झालं ते तिने कधी कुणाला धड सांगितलं नाही. आपण सांगू. फक्त मध्ये कुणी उठू नये, आणि तो खिडकीचा पडदा आहे तसाच राहू द्यावा.

बाई तोंडाने फटकळ, पण हाताने नेटकी. नवरा गेल्यावर दुकान बंद करा म्हणणारे पुष्कळ निघाले, त्या सगळ्यांना तिने एकेका वाक्यात गप्प केलं आणि काच कापायला बसली. तिच्याकडे झाडं, पानं, पाखरं यांच्या फोटोंचीच चलती होती. लोकांना भिंतीवर निसर्ग हवा असायचा, पण आंघोळ घातलेला. चिखल नको, किडा नको, वाळकी काटकी तर नकोच नको. एक बाई सोफ्याच्या कापडाचा तुकडा घेऊन आली होती आणि म्हणाली होती, “याला शोभेल असं जंगल दाखवा.” दंतवैद्याला समुद्र हवा होता, पण लाटांशिवाय. पेशंट घाबरतात म्हणे. “मग बादलीचा फोटो लावा,” फ्रेमवाली म्हणाली, आणि शेवटी त्याला हवा तसा सपाट समुद्र शोधून दिला.

अशा कामात तिचं खरं हत्यार म्हणजे माउंट. चित्राभोवती बसतो तो जाड पुठ्ठा, मधोमध खिडकी कापलेला. हा पुठ्ठा चित्राची बोटभर कड चारी बाजूंनी खातो. कडेला कुणाचं अर्धं ढुंगण आलंय, विजेची तार आलीय, सडकं पान आलंय, सगळं त्याच्या पोटात जातं आणि मध्ये उरतं ते कसं मांडून ठेवल्यासारखं दिसतं. “डोळ्यात खुपतं ते पुठ्ठ्याखाली,” असं ती गिऱ्हाइकांना सांगायची, आणि त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

काखेतला फोटो धाकटीच्या नवऱ्याने काढलेला होता. पोटासाठी तो लोकांची लग्नकार्यं टिपायचा आणि हौसेखातर रानात भटकायचा. फ्रेमवाली त्याला तोंडावर ‘कलाकार’ म्हणायची, आणि म्हणताना थोडी चव घ्यायची. पण या फोटोला प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला होता, आणि तो मिळण्यासारखाही होता. वाटोळं घरटं, धाग्याने धागा विणलेलं. त्यात चार पिल्लं, चौघांच्या चोची आभाळाकडे उघडलेल्या, आतून लालभडक. लांबून बघितलं तर पिल्लं वाटायचीच नाहीत. वाटीत चार फुलं ठेवावीत, किंवा रुमालाच्या कोपऱ्यात कुणी निगुतीने भरतकाम करावं, तसं ते दिसायचं. मागे एकसारखा हिरवा रंग, एकही काटकी आडवी आलेली नाही. आणि सगळ्यावर वरून ओतल्यासारखं ऊन.

“काय हो कलाकार,” तो फोटो घेऊन दुकानात आला तेव्हा तिने विचारलं होतं, “घरट्यात एवढं ऊन कुठून आलं? पाखरं काय भर मैदानात संसार मांडतात?”

“ऊन आणावं लागतं, ताई,” तो हसून म्हणाला होता. “आणि ही उजवी कड तेवढी पुठ्ठ्याखाली घ्या. काळं काहीतरी आलंय तिथे. सगळी शोभा जाते.”

उजव्या कडेला खरंच एक काळा फराटा होता. पंखाचं टोक असावं, हललेलं, धूसर. पट्टी ठेवून पाहिली तर पुठ्ठ्याखाली बरोबर जात होतं. तिने घालवलं.

बहिणीच्या घरी ती पोचली तेव्हा घामाने भिजली होती. रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं. पण बाळाची खोली गार होती, कायमच असायची. खिडकी उत्तरेला, समोर हातभरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. धाकटीने खिडकीला जुन्या हिरव्या चादरीचा पडदा शिवला होता. फ्रेमवालीने खिळा ठोकला, फोटो टांगला, मागे सरून डोळा बारीक करून बघितलं. बरोबर मधोमध.

“किती गोड दिसतंय गं,” धाकटी म्हणाली. “आमच्या पिल्लूला सोबत झाली.”

पिल्लू म्हणजे छकुली. जेमतेम मान धरायला लागलेली, सतत हातपाय झाडणारी, आणि रडायला लागली की खालच्या मजल्यावरचे वर येऊन विचारायचे. फ्रेमवालीला स्वतःचं मूल नव्हतं. या कार्टीसाठी मात्र ती दुकान अर्ध्यावर टाकून यायची आणि वर म्हणायची, “चहासाठी आलेय, गैरसमज नको.”

मग काही दिवसांनी धाकटीचा फोन आला.

“ताई, छकुलीवर ऊन येतंय.”

“मग पडदा लाव की.”

“लावलाय.”

“पाळणा सरकव.”

“सरकवला. तिकडेही येतंय.”

“त्या खोलीत ऊन? अगं, तिथे दुपटी वाळत नाहीत म्हणून तूच गळे काढत होतीस ना?”

पलीकडून धाकटी अगदी हळू म्हणाली, “म्हणून तर फोन केला.”

फ्रेमवाली गेली. जिन्यातच तिला वास आला. तापलेल्या धुळीचा, आणि त्यात मिसळलेला ताज्या चुरगळलेल्या पानांचा. खोलीत पडदा ओढलेला होता, हिरवट अंधार होता. आणि पाळण्यात, बरोबर बाळाच्या तोंडावर, ताटाएवढा उन्हाचा गोल पडला होता. कडा अगदी स्वच्छ, भिंगातून पाडल्यासारख्या. ते कुठून येतंय ते दिसत नव्हतं. हवेत धुळीचा पट्टा नाही, छताला भोक नाही. नुसतं पडलं होतं.

तिने पटकन बाळाच्या तोंडावर तळहात धरला.

हाताची पाठ गार राहिली. आणि खाली, तळहाताच्या सावलीत जे असायला हवं होतं ते बाळाचं तोंड, तसंच लख्ख उजळलेलं…

छकुली रडत नव्हती. मान किंचित हलवत होती, डोळे मिटलेले, आणि तोंड वर करून उघडलेलं. आवाज नाही. मिटायची, पुन्हा उघडायची.

“कधीपासून रडली नाही ही?” फ्रेमवालीने विचारलं.

“कालपासून. पाजायला घेते तर ओढत नाही. असंच तोंड उघडते. शेजारीण म्हणाली माझ्याकडे आणून ठेव, तिकडे नेली तर…” धाकटीने पदर तोंडाशी धरला. “तिथेही आलं, ताई. हिच्यामागे मागे आलं.”

फ्रेमवालीने बाळाला उचललं. गोल बाळाबरोबर उचलला गेला. ती खोलीभर फिरली, कपाटामागे गेली, मोरीत जाऊन दार लावून उभी राहिली. दाराआडच्या अंधारात तिच्या हातात एवढंसं तोंड उन्हाने चमकत होतं. ती मोरीतून बाहेर आली आणि तिचं लक्ष भिंतीकडे गेलं.

फोटोत उजव्या बाजूला, पुठ्ठ्याच्या खिडकीच्या आत, काळा पंख आला होता.

तो तिने स्वतःच्या हाताने झाकला होता. तिने मनाशी म्हटलं, डिंक सुटला, फोटो सरकला. धंद्यात असं होतं. चौकट काखेत मारून ती तडक दुकानात गेली, मागची पट्टी फाडली, खिळे उपसले. फोटो हलला नव्हता. शिसपेन्सिलीच्या खुणा जिथल्या तिथे, डिंक पक्का. तिने एक शिवी हासडली, कुणाला ते तिलाही माहीत नाही, आणि दुसरा पुठ्ठा घेऊन खिडकी लहान कापली. उजवीकडून चांगला चार बोटं जास्त झाकला. काप सरळ आला. संध्याकाळी जाऊन तिने फोटो पुन्हा टांगला. दिवस मावळल्यावर ऊन गेलं होतं, बाळ निपचित झोपलं होतं. झालं, ती म्हणाली, उन्हाने कागद ताणतो कधीकधी.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटीने फोनवर एवढंच म्हटलं, “ये.”

डॉक्टरीणबाई नुकत्याच येऊन गेल्या होत्या. बाळाला ऊन लागलंय, अंगातलं पाणी आटतंय. कुणी एवढ्याशा जिवाला उन्हात ठेवतं का, म्हणून त्या धाकटीवर ओरडल्या होत्या. संध्याकाळपर्यंत बाळ दूध प्यायलं नाही तर भरती करा, उशीर करू नका. कलाकार पाळण्याशी उभा होता. दाढी वाढलेली, हातात छत्री. पाळण्यावर त्याने छत्री धरली होती, आणि छत्रीखाली ऊन पडलं होतं.

“भरती करायचंय तर चला,” फ्रेमवाली म्हणाली. “उभे काय राहिलात?”

“तिथे ऊन यायचं थांबेल का, ताई?” तो म्हणाला.

तिने फोटोकडे पाहिलं.

पुठ्ठ्याची खिडकी आता लहान होती, तरी पाखरू पुरतं आत आलं होतं. शोभेच्या फोटोत असू नये असं सगळं त्याच्या अंगावर होतं. पिसं विस्कटलेली, एक पंख लोंबलेला, अंगाला कोळिष्टक. चोचीत हिरवी अळी, अजून वळवळत असावी तशी वाकडी. ते घरट्याकडे तोंड करून पुठ्ठ्याच्या कडेला चिकटून बसलं होतं. काचेला माशी चिकटून बसते तसं. आणि त्याचा या बाजूचा डोळा…

फ्रेमवालीने डोळ्यावरून नजर काढली आणि मागच्या हिरव्या रंगावर ठेवली. तिथे एक फिकट तपकिरी डाग होता. फोटो पहिल्यांदा हातात आला तेव्हा तिला वाटलं होतं उजेडाची तिरीप आहे. आता बघितलं तर डागाला टोक होतं. इस्त्रीच्या टोकासारखं.

ती वळली. खिडकीच्या हिरव्या पडद्यावर, वरच्या कोपऱ्यात, इस्त्रीने भाजल्याचा तोच डाग होता.

“ही चादर तू रानात नेली होतीस?” तिने विचारलं. त्याला ती कायम अहो-जाहो करायची. आज केलं नाही.

त्याने मान खाली घातली.

“अहो,” धाकटी म्हणाली, “तुम्ही तर म्हणालात गाडीवर झाकायला हवीय.”

“मागे सगळा पालापाचोळा होता. विस्कटलेला दिसत होता,” तो म्हणाला. “म्हणून मागे बांधली. एकसारखा रंग यावा म्हणून… सगळेच करतात, ताई. कोण मान्य करत नाही एवढंच.”

“आणि ऊन?”

“घरटं पानांत होतं. आतलं काही दिसेना. थोड्या डहाळ्या कापल्या.”

“थोड्या?”

“वरच्या,” तो म्हणाला. मग, “वरच्या सगळ्या.”

“आणि त्यांची आई कुठे होती?”

“समोरच घिरट्या घालत होती. मी उभा होतो ना, मग जवळ येईना. एकदाच कडेने घुसली, तेवढी ती… तुम्ही झाकलीत ती.”

खोलीत वास दाटून आला होता. फ्रेमवालीला वाटलं आपल्या जिभेवर पानांचा चीक आलाय.

“किती वेळ उभा होतास?”

“सूर्य डोक्यावर येईपर्यंत. चोची एवढ्या तेव्हाच उघडतात.”

“भुकेने?”

त्याने छत्री मिटली. तिचा उपयोग नव्हताच.

“उन्हाने,” तो म्हणाला. “उन्हाने उघडतात, ताई. दुसऱ्या दिवशी गेलो होतो मी. सांगायला नको वाटलं. तेव्हा… मिटलेल्या होत्या.”

धाकटी उठली, खिडकीशी गेली आणि पडदा दोन्ही हातांनी असा ओढला की दांडी भिंतीतून निघून आली. बाहेर समोरची करडी भिंत दिसली. तिच्यावर उन्हाचा कवडसासुद्धा नव्हता.

फ्रेमवालीने चौकट खाली उतरवली, जमिनीवर पालथी घातली. पिशवीतून पाती काढली. खिळे उचकटले, काच बाजूला केली आणि पुठ्ठा सोलून काढला, सालपटासारखा.

“ताई, जपून,” कलाकार म्हणाला. “ती एकच चांगली प्रत…”

“तोंड उघडलंस तर तुझंच माउंट कापीन.”

नागडा फोटो घेऊन ती उठली. काच नाही, चौकट नाही. चार टाचण्यांनी तो तिने पाळण्यावरच्या भिंतीला टोचला, कडांसकट. कड चुरगळली, फोटो वाकडा बसला. आयुष्यात पहिल्यांदा तिने वाकडं काम तसंच राहू दिलं. मग ती फोटोच्या इतकी जवळ गेली की तिचा श्वास कागदावर उमटला, आणि भांडण झालेल्या शेजारणीशी पुन्हा बोलायला लागावं तशा आवाजात म्हणाली,

“ये बाई. तुझी वाट मी अडवली होती. आता कुणी अडवत नाही. ये.”

काही झालं नाही. घड्याळ वाजत होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

आणि मागून छकुली रडली.

आधी किरटं, मग घसा फुटेस्तोवर, खालच्या मजल्यापर्यंत जाईल असं. तिघंही वळली. पाळण्यात सावली होती. नुसता खोलीतला अंधार नव्हे तो. मऊ, जाड, हलती सावली, दोन्ही बाजूंना पसरलेली, बाळाला डोक्यापासून पायापर्यंत पुरणारी. धाकटीने बाळाला घेतलं तर सावली तिच्याही छातीवर आली. बाळ चुटूचुटू ओढायला लागलं. धाकटी रडत होती आणि हसत होती आणि “हळू गं, हळू, ठसका लागेल,” म्हणत होती.

फ्रेमवालीने भिंतीकडे पाहिलं. फोटोत आता चोची नव्हत्या. फुलं नव्हती, लाल रंग नव्हता. घरट्यावर एक काळपट, विस्कटलेलं पाखरू पंख पसरून बसलं होतं आणि खालचं सगळं झाकून टाकलं होतं. नुसता एक काळा गोळा. असला फोटो कुणी भिंतीला लावला नसता, फुकट दिला तरी.

“घेऊ तिला?” कलाकाराचा आवाज फुटला. “दे, मला जरा…”

तो हात पुढे करून धाकटीकडे निघाला. बाळाच्या पायांवर ऊन पडलं.

तो थबकला. एक पाऊल मागे गेला. ऊन बाळाच्या पायांवरून निघालं, फरशीवरून सरकलं, त्याच्या पावलांवर आलं, गुडघ्यांवर आलं. तो आणखी मागे गेला. ऊन त्याच्या छातीवर आलं, गळ्यावर आलं आणि चेहऱ्यावर येऊन थांबलं. ताटाएवढा गोल, कडा स्वच्छ.

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने बाळाभोवतीचा पदर घट्ट केला. ती पाऊलभर मागे सरली, आणि ते त्याने पाहिलं. मग तो स्वतःच खोलीबाहेर गेला आणि घरातल्या बोळाच्या टोकाला, जिथून बाळाचं नुसतं रडणं ऐकू येतं, तिथे स्टुलावर जाऊन बसला.

छकुली पोटभर प्याली आणि झोपली. डॉक्टरीणबाई येऊन कपाळाला हात लावून गेल्या, ताप उतरलाय म्हणाल्या. बोळातून जाताना त्यांनी स्टुलाकडे बघितलं आणि विचारलं, “यांना काय झालंय?” फ्रेमवालीने त्याला पाणी नेऊन दिलं. त्याने ते गटागटा पिऊन पुन्हा भांडं पुढे केलं. पुन्हा दिलं. पुन्हा पुढे केलं.

दिवस मावळला. समोरच्या घरांत दिवे लागले, रस्त्यावरचेही लागले. फ्रेमवालीने काच गुंडाळली, हत्यारं पिशवीत टाकली. तो सोलून काढलेला पुठ्ठा तिथे कशाला ठेवायचा म्हणून हातात घेतला आणि निघाली. बोळ काळोखात होता. दिव्याचं बटण कुणी दाबलं नव्हतं.

स्टुलावर तो तसाच बसला होता. भांडं खाली गडगडलं होतं. मान मागे, डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर भर दुपारचं ऊन.

“कलाकार,” ती हळूच म्हणाली. “अहो…”

त्याची मान किंचित हलली. तोंड वर झालं, उघडलं, मिटलं. आवाज नाही. पुन्हा उघडलं, आणखी मोठं, आतून लालभडक.

ती पुढे जाईना, मागे सरेना. पुठ्ठा तिच्या हातात आडवा होता, छातीशी धरलेला, तो कसा वर आला ते तिला कळलं नाही. त्या कापलेल्या खिडकीतून तिला तो दिसत होता. मागे एकसारखा काळोख, मध्ये वाटोळा उजळलेला चेहरा, त्यात ते लाल तोंड. बरोबर मधोमध बसला होता.

सवयीने तिने चारी कडा तपासल्या. कुणी येताना दिसतंय का ते पाहिलं, डावीकडून, उजवीकडून, वरून.

कडेला झाकावं असं काहीच नव्हतं.